लेडीज स्पेशल पाकीट

डहाणूजवळ आगरच्या किनाऱ्यालगतच्या त्या गार्डन रेस्टॉरंटात मालकाच्या मुलाने, नविनने, शनिवारी संध्याकाळची क्विझ सुरू केली, तेव्हा योगिताने पहिल्याच दिवशी नाव दिलं. ती तलासरीच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. जोडीला डहाणू स्टेशनच्या तिकीट खिडकीवरची चंद्रिका, आणि योगिताचीच जुनी विद्यार्थिनी कमळी. कमळी आता आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. एका टेबलावर चौघांपर्यंत बसायची मुभा होती, पण यांना चौथी कोणी मिळाली नाही.

सगळ्या टेबलांत बायकांचं असं हे एकच. बाकी ठिकाणी बिअरचे ग्लास, तळलेले बोंबील आणि पुरुषांचा गलका. शेजारच्याच टेबलावर योगिताच्या शाळेचे मुख्याध्यापक सुनिल सर बसले होते, दोन मित्र आणि बायकोला घेऊन. बायको, नयना, त्यांची उत्तरं पाटीवर लिहून पाटी वर धरत होती. तेवढंच तिचं काम.

सामान्यज्ञानाच्या दोन फेऱ्या झाल्या आणि योगिताचं टेबल सरांच्या टेबलाच्या बरोबरीला आलं. बाकीचे मागे पडले. मग नविनने माईकवर जाहीर केलं, "आता खेळांची फेरी! पण आपल्या ताईंना अवघड नको, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं लेडीज स्पेशल पाकीट आहे. स्वयंपाक आणि मालिका!"

टाळ्या पडल्या. योगिताला क्षणभर वाटलं, गंमत करतोय. तोवर त्याने पाकीट फोडून पहिला प्रश्न वाचलासुद्धा. "पुरणपोळीच्या पुरणात कोणती डाळ?"

"तुरीची," चंद्रिका लगेच म्हणाली.

"चूक! हरभऱ्याची."

"चूक कशी? आम्हा गुजरात्यांकडे पुरणपोळी, म्हणजे वेडमी, तुरीचीच करतात. ये घरी, खाऊन जा."

लोक खो-खो हसले. नविन गोंधळून हातातला कागद उलटसुलट करू लागला. योगिता उभी राहिली. तिला मुळीच हसू येत नव्हतं.

"हे पाकीट ठेवून द्या. आम्हाला खेळांचे प्रश्न हवेत. सगळ्यांना आहेत तेच."

"ताई, तुमच्याच सोयीसाठी केलंय."

"सोय मागितली कोणी?"

चंद्रिकाने तिचा पदर ओढला. "जवा दे ने, बेन. जाऊ दे. सोपे गुण आहेत, जिंकून टाकू."

"असं नाही जिंकायचं," कमळी म्हणाली. तिने स्वतःची खुर्चीही मागे सरकवली.

तेवढ्यात सुनिल सर शाळेतल्याच आवाजात बोलले. "योगिता मॅडम, बसा. चारचौघांत तमाशा नको. आपण सोमवारी शाळेत बोलू."

सोमवारी बोलू म्हणजे काय, हे योगिताला चांगलं ठाऊक होतं. केबिनमध्ये उभं राहायचं, मान खाली घालायची आणि बाहेर पडल्यावर सगळ्यांच्या नजरा झेलायच्या. पण ती बसली नाही.

"इथेच बोला ना सर. माईक आहे. बावीस वर्षं मी पोरापोरींना खेळ शिकवते. आणि मला प्रश्न विचारायचा तर डाळीचा?"

सरांनी ग्लास तोंडाला लावला. नविनने वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी गल्ल्यावरून खांदे उडवले. शेवटी नविन म्हणाला, "ठीक आहे. पण फेरी बदलली म्हणून तुमचा एक गुण कापावा लागेल."

"कापा."

पहिला प्रश्न आला, स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक कोणी मिळवून दिलं? दोन्ही टेबलांनी खाशाबा जाधव लिहिलं. दुसरा, ऑलिम्पिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला कोण? योगिताने मान वर न करताच कर्णम मल्लेश्वरी लिहून टाकलं. शेजारी कुजबुज चालली होती. नयना काहीतरी सांगत होती आणि सर तिला हातानेच गप्प करत होते. "पी. टी. उषा लिही गं, उगाच डोकं नको चालवू."

नयनाने लिहिलं. उत्तर चुकलं. योगिताच्या टेबलाला गुण मिळाला.

"अरेरे," सर म्हणाले. "थोडक्यात हुकलं."

नयनाने पाटी खाली ठेवली. "मी मल्लेश्वरीच सांगत होते," ती म्हणाली. फार मोठ्याने नाही, पण माईक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं. मग तिने खडू नवऱ्यापुढे ठेवला, पर्स उचलली आणि योगिताच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "इथे चौथीला जागा आहे?"

"बसा की," कमळी म्हणाली आणि खुर्ची पुसून दिली.

"नयना, हे काय चाललंय?" सर ओरडले. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

शेवटचा प्रश्न, पुरुषांच्या क्रिकेटच्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना कुठे झाला? कमळी छातीठोकपणे म्हणाली, "ओव्हल." नयनाला माहीत नव्हतं, चंद्रिकाला नव्हतं, योगिताची खात्री नव्हती. ओव्हल लिहिलं. सरांनी लॉर्ड्स लिहिलं, आणि ते बरोबर होतं.

हिशेब झाला. दोन्ही टेबलं पुन्हा बरोबरीत, आणि कापलेला एक गुण वजा. सुनिल सर जिंकले. नविन जाता जाता म्हणाला, "ताई, ते पाकीट घेतलं असतंत तर आज तुम्हीच जिंकला असतात."

"तरी घेतलं नसतं," योगिता म्हणाली. "आणि पुढच्या वेळी ठेवूही नकोस. आमचं नाव आत्ताच लिहून घे. चौघी."

"मॅडम, माझ्या ओव्हलने घात केला," कमळी रडवेली झाली.

"तू चुकलीस तर चुकलीस. खेळून चुकलीस."

फोटोसाठी सरांनी हाक मारली, "नयना, ये ना!" ती आली नाही. तिने चंद्रिकापुढची बोंबलाची प्लेट जवळ ओढली आणि एक तुकडा तोंडात टाकला. सर हातात चषक घेऊन दोन मित्रांसोबतच फोटोला उभे राहिले.

सोमवारी काय व्हायचं ते होईल, असं योगिता मनाशी म्हणाली, आणि तिने आणखी एक प्लेट मागवली.