मला मीठ लावू नका

मित्रांनो, डबीत चार वस्तू होत्या: सिलिकॉनचं एक निळं लॉकेट, एक दोरी, ओढ बसताच सुटणारी एक कडी आणि माहितीचा एक कागद. त्यातलं लॉकेट म्हणजे मी. आता मी जुना झालो आहे. अंगभर दातांचे वण आहेत, चीर मात्र एकही नाही.

साच्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आपण दागिना आहोत, कुणीतरी आपल्याला मिरवेल. बारामतीच्या थेरपिस्टनी मला पिंपळी गावच्या संस्कृतीच्या गळ्यात घातलं आणि तिने लगेच मला दाढेखाली धरलं! काही मुलांना चघळल्याशिवाय चैन पडत नाही. चघळलं की त्यांचं लक्ष ठिकाणावर राहतं. दुसरीतल्या संस्कृतीने तोवर पेन्सिली, खोडरबर आणि गणवेशाच्या कॉलरीही चावल्या होत्या. मी आलो आणि त्या वाचल्या.

तिच्या आजोबांना, हिंदुरावांना, मी फार आवडलो. "आपली गाय दावं चघळायची, तवा डॉक्टरनी चाटायला मिठाची वीट टांगली. ह्ये त्यातलंच हाय!"

"आबा, पोरगी हाय ती, जर्सी न्हाय," संस्कृतीची आई सुप्रिया म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मला गुपचूप मीठ चोळलं.

वर्गात संस्कृतीने मला तोंडात घेतलं आणि थू करून बाहेर काढलं. मग तिने शेजारणीचं खोडरबर चावलं, आणि ती सारखी जागेवरून उठू लागली. सोनम बाईंनी मला काढून टेबलावर ठेवलं. "उद्यापासून हे वर्गात नको. उपयोग तरी काय याचा?"

उद्या तर गणिताची चाचणी होती! माझ्याशिवाय संस्कृती तासभर बसणार कशी? शाळा सुटताना सुप्रिया आणि आबा तिला न्यायला आले. मी खारट लागलो असं संस्कृतीने सांगताच सुप्रिया आबांना घेऊन बाईंकडे आली.

"बाई, मीठ म्या लावलं. पोरीची चूक न्हाय," आबा म्हणाले. "त्याचं काय हाय, आमची गाय..."

"आबा, गाय न्हाय!" सुप्रिया पुटपुटली.

बाईंनी हसू दाबत पेन उचललं. संस्कृती त्याकडे टक लावून बघत होती.

"बाई, तुमचं टोपण कुणी खाल्लं?"

टोपणाचं टोक चावून चावून चपटं झालं होतं. बाईंनी पेन मुठीत लपवलं.

"तुमास्नी बी एक आणू का?" आबांनी मनापासून विचारलं.

"नको, नको," बाई लाजून हसल्या आणि मला संस्कृतीच्या हातात देत म्हणाल्या, "उद्या घालून ये. पण मीठ नको हं, आबा."

मित्रांनो, म्हणून सांगतो. मला रोज साबणाने धुवा, चीर पडली की बदला, पण मला चव आणायला जाऊ नका. मला चव नाही, हाच माझा गुण आहे.

चाचणीच्या तासात संस्कृती एकदाही जागेवरून उठली नाही. दहापैकी सात गणितं बरोबर आली.