न आवळलेल्या बोल्टावरचा ठिपका

मी एक पिवळा ठिपका आहे, अंगठ्याच्या नखाएवढा. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात, गॉर्डी पिकार्स्कीच्या गॅरेजात, १९७० सालच्या एका लाल गाडीच्या पोटाखाली माझा जन्म झाला. स्टिअरिंग बॉक्स चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरून ठेवणारे तीन बोल्ट असतात. मधल्यावर मी, शेजारच्या दोघांवर माझी भावंडं. माझा रंग अचूक आहे, ब्रशचा फटकाराही अचूक आहे. पण मी खोटा आहे.

माझे पूर्वज खोटे नव्हते. ही गाडी कारखान्यात बनली तेव्हा कामगार आधी बोल्ट आवळायचा आणि मग बोल्ट आणि चॅसी दोन्हींवर मिळून रंगाचा एक फटकारा मारायचा. अर्थ एवढाच, की हा मी आवळला, पुढच्याने काळजी करू नये. ओघळ आला तर आला. छान दिसणं हे ठिपक्याचं काम नव्हतंच.

आता जुन्या गाड्या नव्या करणाऱ्यांना तो ओघळसुद्धा हवा असतो. कारखान्याने जिथे घाईत रंग कमी मारला, तिथे हे मोजूनमापून कमी मारतात. मूळचा ओघळ घासून काढतात आणि त्याच जागी नवा सोडतात. प्रदर्शनात त्याला गुण मिळतात ना! ज्या खुणेवर माणसं जीव सोपवून विसंबायची, तिचा यांनी दागिना केला. त्या दागिन्यांतला मी एक, आणि मला त्याची लाज वाटते.

गॉर्डी वाईट माणूस नाही. मला रंगवलं त्या दिवशी त्याने बोल्ट नुसते बोटांनी फिरवून बसवले, कारण आधी फोटो काढायचा होता.

"पाना नंतर मारतो," तो जोडीदाराला, वेंडलला म्हणाला. "आवळताना कडेचा रंग उडतो. फोटो स्वच्छ येऊ दे."

"फोटोच विकणार आहेस का गाडीऐवजी?" वेंडल म्हणाला.

मला रंगवलं, फोटो काढला, दोघं कोपऱ्यावर हॉट डॉग खायला गेले. परत आल्यावर गॉर्डी दारांच्या फटी जुळवायला लागला आणि नंतरचं काम विसरला. वेंडल पाना घेऊन खाली शिरला. उरलेले बोल्ट आवळत माझ्यापर्यंत आला, मला पाहिलं आणि पुढे सरकला. त्याचं काय चुकलं? त्याने खूण वाचली.

मग गाडीची मालकीण आली. डार्लीन टॅकेट. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली बाई.

"प्रदर्शनापर्यंत ट्रेलरवर न्या, बाई," गॉर्डी म्हणाला. "खालचा रंग जपायला हवा."

"गाडी आहे की लग्नाचा केक? मी चालवत नेणार. किल्ली दे."

महामार्गाला लागल्यावर प्रत्येक वळणाला माझा बोल्ट थोडा आणखी सैल झाला. डार्लीन चाक फिरवायची आणि गाडी उशिरा ऐकायची. समोरून ट्रक येत होते. एका वळणावर गाडी पलीकडच्या बाजूला घसरत गेली आणि जेमतेम परत आली. मला ओरडायला तोंड नव्हतं.

ती पेट्रोल पंपावर थांबली. टॉर्च घेऊन खाली आडवी झाली. उजेड माझ्यावर स्थिरावला.

"इथे तर आवळल्याची खूण आहे," ती स्वतःशीच म्हणाली आणि उठली.

तेवढ्या उजेडात मी जितका शरमलो, तितका कधीच शरमलो नाही. ती माझ्या शब्दावर पुन्हा रस्त्याला लागली.

हळूहळू गाडी हाकत ती प्रदर्शनात पोचली. गॉर्डी आधीच तिथे होता. परीक्षक हॅल्स्टेड यांनी दांडीला लावलेला आरसा गाडीखाली सरकवला.

"रंग बरोबर. फटकाऱ्याची दिशाही बरोबर. पूर्ण गुण."

"आणि स्टिअरिंग ढिलं आहे, त्याचे?" डार्लीनने विचारलं.

"ते आम्ही तपासत नाही, बाई. गाडी कारखान्यातून निघाली तशी दिसते का, एवढंच पाहतो."

"कारखान्यातून निघाली तेव्हा ती वळत होती," ती म्हणाली, आणि तिने गॉर्डीच्या पेटीतला पाना उचलला.

"थांबा, खूण फुटेल. गुण जातील," गॉर्डी म्हणाला.

"जाऊ देत."

गाडीखाली आडवी होऊन तिने पाना लावला. बोल्ट लोण्यातून फिरावा तसा फिरला, फिरतच राहिला. मी मधोमध फुटलो. अर्धा बोल्टाबरोबर गेलो, अर्धा चॅसीवर राहिलो.

गॉर्डीचा चेहरा उतरला. "मी फोटोसाठी..."

"फोटोत मी नव्हते, गॉर्डी. गाडीत होते."

परीक्षकांनी पेन काढलं आणि माझे गुण कापले. स्टिअरिंगबद्दल त्यांनी काहीही लिहिलं नाही.

गॉर्डीने आडवं होऊन तिन्ही बोल्ट दातओठ खात आवळले. मग सवयीने रंगाचा डबा जवळ ओढला. डार्लीनने डब्यावर झाकण दाबलं.

आज मी दोन तुकडे होऊन इथेच आहे, एकमेकांना न भिडणारे. पण गाडीखाली जो येतो तो मला पाहून थबकतो आणि पाना लावून बघतो. तुम्हीही तसंच करा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. आणि कृपा करून मला पुन्हा सांधू नका.