साखराबाईचं बोट आणि काकवीचा कान

मी एक जुनी कातर आहे. कापडाची नव्हे, मित्रांनो. कापडाची कातर म्हणजे नाजूक काम, तिला शिंप्याच्या गादीवर बसायची सवय. मी मेंढ्यांची लोकर कातरणारी. धारूरच्या बाजारात एका लोहारानं मला ट्रकच्या तुटक्या पाट्यातून घडवलं. ज्या पोलादानं घाटात ओझी पेलली, तेच माझ्या दोन्ही पात्यांत आहे. हे कुणाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मला विकत घेतलं हरिबा मेंढपाळानं. वर्षातून दोनदा मेंढ्या कातरायचे दिवस यायचे. हरिबा आधी मला हळदीकुंकू लावायचा, मग पहिली मेंढी आडवी करायचा. त्याची बायको साखराबाई मेंढीचे पाय धरायची. लोकर निवडणं, पिंजणं, कातणं सगळं तिचंच. पण मला मात्र ती हात लावायची नाही. कातर गड्याच्या हातात, अशी त्या घरची रीत होती. खोटं कशाला सांगू, मलाही ती पटलेली होती.

"माझ्या कातरीनं मेंढराचं रगत कंदी काडलं न्हाई," असं हरिबा चारचौघांत सांगायचा. मेंढपाळांच्या सहकारी सोसायटीत आमची लोकर गेली की सेक्रेटरी ती न तपासताच वजनाला घ्यायचे. त्या दिवसांत माझा तोरा काय वर्णावा!

मग दुष्काळ पडला. बालाघाटाच्या माळावर गवताची काडी उरली नाही. सोसायटीला कुलूप लागलं. हरिबा मेंढरं घेऊन गोदाकाठाला निघून गेला आणि मला आढ्याला अडकवून गेला. साखराबाई दूध सोसायटीच्या चारा छावणीत शेण काढायच्या कामाला जाऊ लागली. मी आढ्याला गंजत पडले. कामाची सवय असलेल्याला रिकामं लटकणं फार जड जातं, मित्रांनो.

साखराबाई चुलीपुढं एकटीच बोलत बसायची आणि ऐकायला मीच होते. तिच्याच तोंडून मला काकवीची बातमी कळली.

दूध सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव यांच्या वाड्यात एक कुत्री आली होती. मुलं शिकून परगावी गेलेली, घरात केसरबाई एकट्या. अर्जुनरावांच्या ओळखीचे एक म्हातारे लष्करी साहेब पुण्यात होते. त्यांच्यानं आता कुत्री सांभाळणं होईना, म्हणून त्यांनी ती यांना दिली. तिची जात विलायती, ससेक्स स्पॅनियल. बुटकी, लांबोडकी, अंगभर लाटालाटांचे केस आणि रंग थेट काकवीसारखा. म्हणून नावही काकवी. कान इतके लांब की पाणी पिताना भांड्यात भिजायचे. "उभ्या जिल्ह्यात दुसरी दावा, मिशा काडून देतो," असं अर्जुनराव येणाऱ्याजाणाऱ्याला बजावायचे.

केसरबाईंनी तिला जीव लावला. रोज अर्धी बादली पाणी घेऊन तिला साबण लावायच्या, चोळचोळून धुवायच्या. टँकरपुढं हंडे घेऊन उभ्या असलेल्या बाया हे बघत होत्या आणि बोलतही होत्या. केसरबाई मान खाली घालून ऐकून घ्यायच्या, पण कुत्रीची आंघोळ चुकवायच्या नाहीत.

आणि तरी काकवीचं बिनसलं. अंगाला वास मारू लागला. कुणी हात लावला की गुरगुरू लागली. सोसायटीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी मलम दिलं, पण ते कातडीपर्यंत पोचेना. आधी हे केस काढा, असं डॉक्टर म्हणाले. गावच्या न्हाव्यानं कानांवर हात ठेवले. शेवटी काकवी एकदा केसरबाईंच्या हातावरच दात विचकून धावली, तेव्हा अर्जुनरावांनी ठरवलं, की सोमवारी जीप पुण्याला जाईल आणि कुत्री साहेबांकडं परत.

रविवारी दुपारी केसरबाई काकवीला घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले.

"साखरा, तू जनावरांतली जाणती हायेस. एकदा बघ गं हिला. हिच्याबिगर घर मला खायला उठतं."

साखराबाईनं काकवीपुढं हात धरला, तिला वास घेऊ दिला. मग हळूच मानेजवळच्या केसांत बोटं घातली. बोटं आत जाईनात.

"वैनी, ह्याचा तर नमदा झालाय!"

"म्हंजी?"

"लोकर ओली करून चोळली की गच्च बसती. आमी बसायला मुद्दाम करतो तसा नमदा. तुमी मायेनं केला. केस विंचरले न्हाईत अन् रोज धुतलं. आत कातडी ओलीच ऱ्हायली, नासली. ही खोडसाळ न्हाई वैनी, हिला दुखतंय."

केसरबाई काकवीशेजारी जमिनीवर बसल्या. एवढ्यात अर्जुनराव त्यांना शोधत आले, मागून पाचपन्नास माणसं आली. साखराबाईनं मला आढ्यावरून काढलं, तसे अर्जुनराव ओरडले, "मेंढराची कातर कुत्रीला? लाखात एक कुत्री हाय ही! कातडीला लागलं तर?"

"लागलं तर सोमवारी खुशाल धाडा, साहेब."

गर्दीतून कुणीतरी हसलं, "कातर धरली व्हती का बाई कंदी?"

दगडावर घासून साखराबाईनं माझा गंज काढला, करडईचं तेल दिलं, कुंकवाचं बोट लावलं. मला मात्र राग आला होता. एक तर कुत्र्याचं अंग, त्यात बाईचा हात! हीच का माझी किंमत?

पण पहिल्या फटक्यालाच माझा राग उतरला. वीस वर्षं मेंढ्यांचे पाय धरताना ती नुसते पाय धरत नव्हती, माझी चाल बघत होती. केसरबाईंनी काकवीचं डोकं मांडीवर घेतलं. नमदा सालीसारखा सुटत गेला. ऊन भाजू नये म्हणून साखराबाईनं पाठीवर बोटभर केस ठेवले. खालची कातडी लालबुंद होती. बघणाऱ्यांचं हसणं थांबलं.

शेवटी कान राहिले. कानाची पाळी पानासारखी पातळ, आणि नमदा कुठं संपतो, कातडी कुठं सुरू होते, ते दिसेना. साखराबाई थांबली. मग तिनं डाव्या हाताचं बोट कातडी आणि माझं पातं यांच्या मधे सरकवलं आणि मला चालवलं. काकवीनं मान झटकली. लाल थेंब खाली पडला.

"लागलं! लागलं न्हवं?" अर्जुनराव पुढं धावले.

"लागलं. पर माझं हाय ते."

कान शाबूत होता. दुसराही कान मोकळा झाला, तशी काकवी उठली आणि तिनं दोन्ही कान असे फडाफडा झाडले की जमलेली सगळी माणसं हसली. केसरबाईंनी पदर फाडून साखराबाईचं बोट बांधलं. अर्जुनरावांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

सोमवारी जीप गेली, पण केजच्या बाजाराला, लोखंडी दातांची फणी आणायला. मलम कातडीला लागलं आणि काकवी महिन्यात बरी झाली. आता रोज कोरडं विंचरणं, आंघोळ महिन्यातून एकदा आणि जेवताना कानांना फडकं बांधलेलं. रोजची अर्धी बादली छावणीतल्या वासरांकडे गेली.

पुढच्या साली हरिबा परतला. गावानं त्याला सगळं सांगितलंच होतं. कातरायचा दिवस आला. त्यानं मला कुंकू लावलं, साखराबाईच्या बोटावरचा व्रण एकदा पाहिला आणि मला तिच्यापुढं धरलं.

"धर. मेंढराचे पाय म्या धरतो."

मित्रांनो, माझी पाती आता झिजली आहेत. तुमच्या घरी लांब केसांचं मुकं जनावर असेल, तर पाण्याआधी फणी घ्या. ते गुरगुरलं तर रागावू नका, कुठं दुखतंय ते बघा. आणि धारेचं काम असेल, तर आपलं बोट मधे घाला. मी कधी रक्त काढलं नाही, असं मी आता सांगत नाही. एकदा काढलं, असं सांगते, आणि मान ताठ करून सांगते.