एका चुलीवरची माणसं

मिठबावात घरोघरचा जेवणाखाण्याचा खर्च विचारायला सरकारी बाई आल्या, तेव्हा यशोदा मागीलदारी आपल्या चुलीवर पेज ढवळत होती. नवऱ्याचं तेरावं आटोपलं आणि दिराने, गुरुप्रसादने, तिची चूल वेगळी करून दिली. 'करून दिली' हे त्याचं म्हणणं. खरं तर तिला भरल्या ताटावरून उठवलं होतं, आणि तो दिवस ती विसरली नव्हती.

ओटीवर गुरुप्रसाद ऐसपैस बसला होता. शेजारणी कुंपणाशी कान देऊन उभ्या. बाईंनी टॅबलेट उघडला. "ज्यांचं जेवण एका चुलीवर शिजतं, ते एक कुटुंब. तुमच्यात कोण कोण?"

"आमी पाच जणा नि आमची वयनी," गुरुप्रसाद शेजारणींनाही ऐकू जाईल असं म्हणाला. "भाव गेलो म्हणान वयनीक काय टाकूक होयी? रोज ताजी सुरमई, नि पयली तुकडी तिका."

यशोदाच्या अंगाची लाही लाही झाली. खोटं आहे म्हणावं, तर बाई दोन कुटुंबं लिहून निघून जातील आणि हा संध्याकाळपर्यंत सगळं विसरेल. एवढ्या स्वस्तात ती त्याला सोडणार नव्हती. ती ओटीवर आली.

"काकी, तुम्ही यांच्यातच जेवता ना?" बाईंनी विचारलं.

"होय, ह्यांच्यातच. परत कधी येतलात?"

"पुढच्या महिन्यात. पुन्हा हेच विचारेन."

वहिनीने अब्रू राखली म्हणून गुरुप्रसाद खूश झाला.

बाई गेल्या. यशोदाने कुदळ घेतली आणि आपली चूल पार फोडून टाकली. पेज गुरांना घातली. हात धुऊन, ताट घेऊन ती थेट त्यांच्या स्वयंपाकघरात शिरली आणि दिराशेजारी पाटावर बसली. तिची जाऊ किशोरी हातातल्या पळीसकट थिजली.

"वयनी, ता आपला सांगूचा म्हणान सांगलंय," गुरुप्रसाद पुटपुटला.

"माका खराच वाटला. माझी चूल आता नाय. माका वाढूचा नसात तर भायर जावन तसा सांगा. शेजारणी आजून कुंपणाकडेच आसत."

त्या खरंच तिथे होत्या. त्याने बायकोला मान हलवून खूण केली. किशोरीने शेपटीकडची तुकडी उचलली.

"ती ह्यांका घाल गो," यशोदा म्हणाली. "माका मधली."

तिचं पोट लवकरच भरलं. तरी दिराच्या तोंडाकडे बघत, काटा न् काटा चोखत ती सुडाने जेवत राहिली. पुन्हा भात मागितला, पुन्हा कढी मागितली. मग ताट उचलता उचलता तिने विचारलं, "उद्या बाजारातसून काय हाडतलात, भावजी?"