दुप्पटनाथाचा घडा

चितेगावच्या मठात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी टेम्पोच्या टपावर, कुणी थेट बाभळीवर. दहा वर्षांपूर्वी सांडूनं दुप्पटनाथ महाराजांच्या घड्यात दहा हजार घातले होते. घडा मेणानं बंद करून अंगणात पुरला होता, आन आज तो निघणार होता.

महाराजांनी मेण फोडलं. आत शंभराची दोन कोरी बंडलं!

"दहा पेरले, वीस उगवले!" महाराज गरजले. "बँक नाय, व्याज नाय, निस्ती कृपा! जो शंका घेईल त्याच्या नोटा कुजतील!"

हलगी कडाडली. लोकांनी सांडूला खांद्यावर घेऊन नाचवलं. द्वारकाबाईला तर घेरीच यायची बाकी होती. वाळूजच्या कामगारांना डबे देऊन तिनं दहा हजार साठवले होते, पिठाच्या गिरणीसाठी. गिरणी ऱ्हाऊ दे, आता दहा वर्षांनी दोन घेऊ! पैशाचा रुमाल घेऊन ती रांगेत घुसलीच.

मागून शेजारची बिल्किस आली. ती वाळूजच्या एका कारखान्यात हिशेब लिहायची.

"मावशी, थांबा ना जरा."

"नाट नको लावू गं बाई!"

बिल्किसनं सांडूच्या हातातलं बंडल घेतलं. "सांडूभाऊ, घडा कधी पुरला?"

"शहाऐंशीला. अक्षय तृतीयेला."

"मग बंडलावरच्या ह्या चिठ्ठीवर बँकेचा परवाचा शिक्का कसा काय?"

हलगी थांबली.

"ती... ती काळाची लीला हाय, बेटी!"

"पगाराच्या दिवशी अशी चाळीस बंडलं मोजते मी, महाराज. ही लीला कॅशियर मारतो."

लोक फसकन हसले. द्वारकाबाई मात्र हटेना. "आणले असतील बँकेतून! दुप्पट तर दिले ना? माझं काय जातंय?"

बिल्किस खाली बसली आन सांडलेल्या अंगाऱ्यात बोटानं आकडे लिहू लागली.

"आमच्या कारखान्यातल्या शौकतभाईंना दहा वर्षांनी नोकरी सुटताना वीस हजार द्यायचेत. त्याच्यासाठी आज वहीत देणं म्हणून किती धरायचे? वीस?"

"मग?"

"नाय. बँकेत अकरा टक्क्यानं, व्याजावर व्याज धरून ठेवले तर दहा वर्षांनी वीस होतील, तेवढेच. म्हणजे सात. तवाच्या वीस हजारांची आजची किंमत सात हजार, मावशी! महाराजांनी हेच केलं. दहा घेतले, सात बँकेत टाकले, तीन झोळीत. परवा वीस काढून आणले आन घड्यात घातले. अंगणाला कुलूप त्यांचंच की!"

"आन मी पुरे दहा बँकेत टाकले तर?"

"अठ्ठावीस."

सांडू लोकांच्या खांद्यावरून धपकन उतरला. "म्हंजी माझे आठ हजार ह्यानं खाल्ले व्हय?"

"अंगणात तीनशे घडे पुरलेत!" कुणीतरी ओरडलं. "घड्यामागं तीन हजार!"

"नऊ लाख!" सगळ्यांनी एका सुरात हिशेब केला आन महाराजांच्या नव्या जीपकडं बघितलं. महाराज तिकडंच पळत होते, एक खडाव पायात, एक हातात. हलगीवाल्यानं त्यांच्या पावलांवर ठेका धरला. सांडू मागं, गाव त्याच्या मागं.

द्वारकाबाईनं रुमालाची गाठ घट्ट केली. "मी गिरणी आजच घेते बाई. उद्यापासून दळण सुरू. दहा वर्षं कशाला वाट बघू?"

तर मंडळी, कुणी पैसे दुप्पट करून देतो म्हणला, की हात जोडायच्या आधी तोंड उघडा. विचारा: किती वर्षांत? आन तेवढ्या वर्षांत बँकेत किती झाले असते? एवढं विचारायला ना उपास लागतो, ना गुरू. आन नुसतं विचारल्यानं कुणाच्याच नोटा कुजत नाहीत.