आईच्या हातचं

माझी अज्जी बसव्वा भवानी पेठेत राहायची आणि तिची जीभ तिच्या अडकित्त्याहून धारदार होती. माझ्या आईनं, म्हणजे तिच्या जगदेवीनं, गिरणीतल्या बिरप्पा धनगराशी लग्न केलं, त्या दिवशी अज्जीनं लेकीच्या नावानं अंघोळ करून टाकली. लेक जिवंत असताना! पुढं सात वर्षं आमची चाळ कुठल्या अंगाला आहे, हेही तिनं विचारलं नाही.

गोऱ्या सरकारनं गावावर बसवलेला मार्शल लॉ उठला, त्याच्या पुढच्या वर्षी अचानक तिचा निरोप आला. पोरीला एका रात्रीसाठी पाठव, सकाळी स्वामी येणार आहेत, तिच्या गळ्यात लिंग बांधून घेऊ. आई हरखून गेली. लिंगायताच्या घरात मूल जन्मलं की आधी लिंग बांधतात, आणि मी सहा वर्षांची होऊन मोकळ्या गळ्यानं हिंडत होते. आज पोरीला जवळ केलं, उद्या आपल्यालाही माहेरी बोलावतील, असं तिला वाटलं. आशा मोठी वेडी.

"म्हातारीचं मला काय खरं वाटंना," बाप म्हणाला. आईनं ऐकलं नाही. तिनं मला अज्जीच्या बोळाच्या तोंडापर्यंत पोचवलं. "उद्या न्याहारीला न्यायला येते," म्हणाली आणि तिथूनच परतली.

अज्जीनं मला पोटाशी धरलं. गव्हाची हुग्गी वाढली, वर तुपाची धार. निजायच्या आधी डोक्याला तेल चोळलं. मला ती आवडली. सांगायला आजही लाज वाटते, पण फार आवडली.

सकाळी स्वामींनी लिंग बांधलं, आशीर्वाद दिला आणि ते गेले. अज्जीनं मला चुलीपाशी मांडीवर घेतलं.

"आई आवडती का गं तुला?"

"लई."

"मग ऐक. आता तू शिवाची झालीस. तुझ्या घरात मटन शिजतं. आईच्या हातचं खाल्लंस, न्हायतर तिला शिवलीस, तर ती मरंल. आनि हे कुनाला सांगितलंस, तर त्याच दिवशी मरंल."

आई वेळेवर आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, हातात फडक्यात बांधलेली शेंगापोळी, माझ्या आवडीची. माझ्या गळ्याकडे बघून तिचे डोळे भरून आले. "ये गं बाळा," म्हणून तिनं हात पुढं केले.

मी किंचाळले, "शिवू नगंस मला! तुझ्या हातचं नगं!"

आईनं हात मागं घेतले. "असं का गं म्हनतीस? माझ्याबी गळ्यात हाय की लिंग."

"मटन रांधून त्याचं नाव घेऊ नगंस," अज्जी आतून म्हणाली. "पोरगीच येत न्हाय म्हनती, मी काय करू? बिरप्पानं माझी नेली, मी त्याची ठेवली. फिट्टंफाट."

आईनं फडकं सोडून पोळी उंबऱ्यावर ठेवली आणि ती गेली. अज्जीनं ती काठीनं गटारात ढकलली.

बाप दोनदा येऊन भांडला. दोन्ही वेळा मी गोठ्यात लपले, आणि त्यानं ओढलं तेव्हा त्याला चावले. आई दर सोमवारी बोळात येऊन उभी राहायची. मी खिडकी लावून घ्यायची. तिला वाटलं असेल, पोटची पोर माझा विटाळ मानते. मी तिला जिवंत ठेवत होते.

दोन वर्षांनी आई बाळंतपणात गेली.

मी अज्जीला विचारलं, "मी तर कायबी खाल्लं नव्हतं. मग ती का मेली?"

अज्जी सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "कवातरी चोरून खाल्लं असशील."

आणि मी आठवत बसले. आज माझ्या नातवंडांची लग्नं झाली, तरी आठवते आहे. पोळी गटारात गेली, तेव्हा तिचा एक तुकडा उंबऱ्यावर राहिला होता. तो मी तोंडात टाकला होता का?