कुर्ली उचलणारा मऊ हात

मित्रांनो, मी एक जुना हात आहे. जुना म्हणजे चौदा महिन्यांचा, पण आमच्यात एवढ्यातच पेन्शन लागते. मला हाडं नाहीत, नखं नाहीत, मनगटामागे तर काहीच नाही. बाळाच्या डायपरात पाणी शोषून फुगणारा पदार्थ असतो ना, तो माझा लांबचा चुलता. अंगात ऐंशी टक्के पाणी, उरलेला सगळा आगाऊपणा.

मला सलोनीने छापलं. हो, छापलं, लग्नपत्रिकेसारखं! पुण्याच्या कॉलेजात मशीनने चिकट रसाचे थरावर थर दिले, निळ्या उजेडात ते घट्ट केले, आणि माझ्या चार बोटांत केसाएवढ्या बारीक नळ्या ठेवल्या. त्यांत पिचकारीने पाणी ढकललं की बोटं मिटतात, ओढून घेतलं की उघडतात. पहिल्यांदा मी पिकलेलं जांभूळ न चिरडता उचललं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी फुगलो. तसा मी फुगतोच म्हणा.

मग डब्यात गोडं पाणी भरून ती मला कोकणात, तिच्या गावी तोंडवलीला घेऊन आली. तिचे वडील धोंडू खाडीत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पाळतात. कुर्ली कात टाकते, तेव्हा तासा-दोन तासांपुरती लोण्यासारखी मऊ असते. तेवढ्यात उचलली, तर हॉटेलवाले तिला डोक्यावर घेतात. पण माणसाच्या राकट बोटांनी पाय मोडतो, आणि उशीर झाला की कवच पुन्हा टणक. सलोनीने घरात सांगून टाकलं, या हाताने एक कुर्ली धड उचलली तर मी इथेच राहून हे काम करणार, नाहीतर सोमवारी पुण्याच्या नोकरीवर हजर. धोंडूंनी तोंड वाकडं केलं.

"एसीत बसान पगार घेवचो सोडून चिखलात कित्याक लोळतंस गो?"

रविवारी सकाळी एका कुर्लीने कात टाकली. सलोनीने मला डब्यातून काढून केळीच्या पानावर मांडलं, आणि तिथेच घोटाळा झाला. आमच्या गावात गाऱ्हाणं घातल्याशिवाय, म्हणजे देवाला साकडं घातल्याशिवाय, नवं यंत्र हलत नाही. गावाची गाऱ्हाणी घालणारे बाबलीकाका नारळ पुढे ठेवून, हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान जो मऊ हात केल्यान हा, तेका येश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

एवढ्यावर थांबले तर ते बाबलीकाका कसले! त्यांनी गाऱ्हाण्यात शेजारच्या नम्रताचं लग्न घेतलं, गावची वीज घेतली, सत्यवानाची गुडघेदुखी घेतली. ऊन माझ्या डोक्यावर. माझी बोटं भाजक्या पापडासारखी वळायला लागली. तिकडे कुर्ली टणक होत होती, इकडे मी. गाऱ्हाणं मध्येच तोडायचं नसतं, त्यातून उठून जायचंही नसतं, म्हणून सलोनीने काकांच्या कानात सांगितलं की हाताला पाणी हवंय. काकांनी तेही गाऱ्हाण्यात घातलं.

"जो कोण तानेलो आसात, तेका पाणी गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

जागचं कोणी हललं नाही.

सलोनीने मान खाली घातली. तेवढ्यात धोंडू उठले. दोन महिने पोरीला जा जा म्हणणारा माणूस! त्यांनी कोयता घेतला, देवापुढचा नारळ उचलला, एका घावात फोडला आणि पाणी माझ्यावर ओतलं.

"बाबल्या, देवान आयकल्यान. उरलेला फुडल्या येळाक सांग."

बाबलीकाकांचा आ तसाच राहिला. मला पुन्हा डब्यात बुडवलं. दहा मिनिटांनी तीन बोटं सरळ झाली, चौथं रुसलं ते रुसलंच. तिघांवर भागवलं. सलोनीने पिचकारी दाबली आणि कुर्ली वर आली. अजून मऊ होती आणि दहाच्या दहा पाय शाबूत.

बाबलीकाका गावभर सांगत सुटले की गाऱ्हाणं लागलं. धोंडू घरात जाऊन बायकोला तेवढं म्हणाले, "जानकी, सोमवारच्या गाडयेचो डबो करू नको."

आता माझी धाकटी भावंडं कुर्ल्या उचलतात आणि मी फळीवर लोणच्याच्या बरणीत पडून असतो. सलोनी कामाच्या धबडग्यात कधी कधी बरणीत पाणी घालायला विसरते. तक्रार नाही, पण एक सांगतो. मित्रांनो, तुमच्या आसपास कोणी सुकत बसलेलं दिसलं, तर आशीर्वाद मागाहून द्या. आधी पाणी.